इंग्रजी कोणी शिकवायचे? एका हंगामी प्राध्यापकाची गोष्ट

विंचूरला यायचे ठरले तेव्हा आम्हाला विषय विचारला गेला. आम्ही म्हटले, परदेशात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना कातडीच्या रंगावरून नकार मिळतो, त्याबद्दल बोलू. संयोजकांनी रास्त शंका काढली, की हा कोरिया-चीनचा विषय, याचा इतिहास इथे कुठून आणणार? तर तो आहे. आणि त्याची सुरुवात याच तालुक्यातून करता येते.

निफाडला १८४२ च्या जानेवारीत महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. न्यायमूर्ती रानडे आपल्याला न्यायासनावरचे आणि सार्वजनिक सभेतले माहीत असतात. पण १८६८ पासून सुमारे तीन वर्षे ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी वाङ्मय आणि इतिहास शिकवत होते. निफाडात जन्मलेला माणूस मुंबईत मिल्टन-शेक्सपिअरच्या भाषेचा शिक्षक, आणि वर्गात कोणाला त्यात वावगे वाटल्याचे दिसत नाही. १८७१ मध्ये रानडे न्यायखात्यात गेले. ते का गेले, याचे खापर रंगभेदावर फोडणे सोपे आहे. आम्ही ते फोडणार नाही. वकिलीची परीक्षा ते पास झाले होते आणि ती वाट त्यांना मोठी वाटली असणार. आपल्याला उदाहरण हवे आहे ते त्याच कॉलेजातल्या त्यांच्या मित्राचे.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ मध्ये बाहेर पडले, त्यांत रानडे आणि भांडारकर दोघेही होते. भांडारकर आधी सिंधमधल्या हैदराबादला आणि मग रत्नागिरीला हायस्कूलचे हेडमास्तर होते. पुढे एल्फिन्स्टनमध्ये ब्यूलर यांच्या जागी त्यांना संस्कृत शिकवायला नेमले. नेमणूक हंगामी. आता हंगामी म्हणजे काय, हे शिक्षणसेवकांच्या महाराष्ट्रात समजावून सांगायची गरज नाही! (हशा) काम पूर्ण, जबाबदारी पूर्ण, फक्त खुर्ची आपली नाही. अशी काही वर्षे गेली. तोवर संस्कृत शिकणाऱ्या मुलांच्या हातात भांडारकरांनी लिहिलेली ‘मार्गोपदेशिका’ होती. आणि १८७३ मध्ये ती जागा कायमची भरायची वेळ आली तेव्हा विलायतेहून पीटर पीटरसन यांना आणले. वय पंचविशीच्या आसपास, जन्म एडिंबरोचा. ज्यांनी ती जागा चालवली होती ते भांडारकर मदतनीस प्राध्यापक झाले.

पीटरसन काही टाकाऊ माणूस नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. पुढे त्यांनी हस्तलिखितांचा मोठा शोध घेतला, त्याचे अहवाल लिहिले, पंडित दुर्गाप्रसादांबरोबर ‘सुभाषितावली’ संपादित केली. मुंबईतच १८९९ मध्ये वारले. पण १८७३ मध्ये दोघांना एका फळ्यासमोर उभे केले असते तर काय झाले असते, हे कोणीही सांगेल.

इथे जरा थांबू या, कारण या प्रकरणात एक गंमत आहे. परदेशी इंग्रजी शिक्षक का हवा असे विचारले की उत्तर ठरलेले असते: भाषा त्याची आहे, उच्चार त्याचा आहे. बरे, मान्य करू. मग संस्कृतला कोणता उच्चार लागत होता? ब्यूलर जर्मन. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे किलहॉर्नही जर्मन. म्हणजे जर्मन माणूस इंग्रजीतून संस्कृत शिकवत होता, आणि त्यात कोणालाच अडचण नव्हती. दोघे थोर विद्वान, त्याबद्दल दुमत नाही. पण मग भाषेचा आणि उच्चाराचा मुद्दा कुठे उरला?

किलहॉर्न मायदेशी परतले तेव्हा, १८८२ मध्ये, डेक्कन कॉलेजातली त्यांची जागा भांडारकरांना मिळाली. किलहॉर्न गेले गटिंगेनला, आणि त्याच गटिंगेनने १८८५ मध्ये भांडारकरांना डॉक्टरेट दिली. पुढे भांडारकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणून काही जण म्हणतात, बघा, शेवटी न्याय झालाच की! आम्हाला हे पटत नाही. मधली नऊ वर्षे कुठे धरायची? आणि भांडारकर होते म्हणून नऊ वर्षांनी तरी झाले. बाकीच्यांची तर नावेही आपल्याला माहीत नाहीत.

पगाराचेही असेच होते. सरकारी कॉलेजात तेच काम करणाऱ्या हिंदी माणसाला युरोपियनाच्या दोन तृतीयांश पगार. जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले, तर त्यांना त्याचाही निम्मा देऊ केला, कारण जागा हंगामी. बोस तीन वर्षे शिकवत राहिले आणि पगाराला हात लावला नाही. अखेर सरकारने त्यांना कायम करून मागची सगळी बाकी चुकती केली. हे केम्ब्रिजला शिकून आलेल्या आणि कर्ज अंगावर असताना अडून बसण्याची छाती असलेल्या माणसाला जमले. सगळ्यांना कसे जमावे?

मग १८९६ मध्ये एक सुधारणा झाली. शिक्षणखात्याचे दोन भाग केले. वरची ‘इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस’, तिची भरती विलायतेत. खालची प्रांतिक सेवा, तिची भरती हिंदुस्थानात. नीट लक्षात घ्या, कातडीचा रंग हा शब्द आता नियमात कुठेही लागत नाही. फक्त भरती कुठे होणार एवढेच ठरवायचे, की बाकीचे आपोआप होते. वरच्या सेवेत हिंदी माणूस अगदीच अपवाद. ही वरची भरती १९२४ च्या ली कमिशननंतर थांबली.

या सगळ्यावर आपल्या लोकांनी एक वेगळीच वाट काढली होती. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, पुढे १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. तिथे इंग्रजी शिकवणारा गोरा असलाच पाहिजे अशी अट नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले इंग्रजी शिकवत आणि गणितही. महिना पंचाहत्तर रुपये. केम्ब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपेही तेवढ्यावरच आले. या शाळेच्या संस्थापकांतले टिळक पुण्यात ज्या वाड्यात राहत होते तो विंचूरकर वाडा. तुमच्या गावाचे नाव या कथेत असेही येते.

आता आजचे. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकवण्याचा जो नेहमीचा व्हिसा आहे, तो सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. यातही रंगाचा उल्लेख नाही. पासपोर्ट विचारला आहे, १८९६ मध्ये भरतीचे ठिकाण विचारले होते तसा. पण अर्जाबरोबर फोटो मागायची तिथे रीत आहे, आणि पासपोर्ट अमेरिकेचा असूनही काळ्या शिक्षकांना खासगी क्लासवाल्यांनी नाकारल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. म्हणजे यादी पासपोर्टची, निवड चेहऱ्याची. विंचूरच्या मुलीने इंग्रजीत एम.ए. केले, बी.एड. केले, दहा वर्षे शिकवले, तरी या व्हिसाच्या रांगेत तिला उभेच राहता येत नाही. त्याच रांगेत ज्याने आयुष्यात कधी वर्ग घेतला नाही, पण कुठल्याही विषयातली पदवी आणि त्या सातांपैकी एका देशाचा पासपोर्ट आहे, त्याला जागा आहे.

एक दार मात्र किलकिले आहे. भारत आणि कोरिया यांचा व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात इंग्रजी शिकवण्याची रीतसर पात्रता असलेल्या भारतीय शिक्षकांना तिथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत जाण्याची तरतूद आहे. करारात पदाचे नाव सहायक शिक्षक असे आहे.

वेळ होत आला. प्रश्न असतील त्यांनी माइकजवळ यावे. मागे बसलेल्या मुलींनी आधी विचारावे.