लोरांडाइट

थॅलियम, आर्सेनिक व गंधक यांचे दुर्मिळ सल्फोलवण-खनिज. तिन्ही मूलद्रव्यांच्या अणूंचे प्रमाण अनुक्रमे १:१:२. वजनाने थॅलियम सुमारे ५९.५ टक्के, आर्सेनिक २१.८ टक्के व गंधक १८.७ टक्के. स्फटिक एकनताक्ष. कठिनता २ ते २.५, म्हणजे नखाने ओरखडा उठावा इतपत. वि. गु. ५.५३. ताज्या पृष्ठाचा रंग किरमिजी ते गडद लाल, उघड्यावर शिशासारखा करडा. चमक धातूसारखी ते हिऱ्यासारखी. कस चेरीसारखा लाल. हंगेरियन खनिजवैज्ञानिक योझेफ क्रेनर यांनी १८९४ साली आजच्या उत्तर मॅसिडोनियातील ऑलशार येथील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले आणि भौतिकीविज्ञ लोरांड एटव्हश यांच्या सन्मानार्थ त्याला नाव दिले. थॅलियम दुर्मिळ म्हणून लोरांडाइट दुर्मिळ, अशी समजूत सहज होते. ती पुराव्याला उतरत नाही. थॅलियम सर्वत्र आहे, पण विखुरलेले. त्याला एकवटायला लावणारी परिस्थिती मात्र क्वचितच जमून येते.

पृथ्वीच्या कवचात दहा लाख भागांमागे थॅलियम अर्ध्या भागाहून अधिक भरते. चांदी आणि पारा प्रत्येकी एक दशांश भागाहूनही कमी. तरीही माणूस चांदीच्या खाणी हजारो वर्षे खणत आला आणि थॅलियमचा पत्ता थेट १८६१ साली लागला. तोही खाणीत नव्हे, तर विल्यम क्रुक्स यांनी गंधकाम्लाच्या कारखान्यातील गाळाच्या वर्णपटात पाहिलेल्या हिरव्या रेषेतून. याचे कारण अणूच्या आकारात आहे. थॅलियमच्या एकभारित आयनाची त्रिज्या सुमारे १.५० अँग्स्ट्रॉम असते, पोटॅशियमची १.३८ आणि रुबिडियमची १.५२. त्यामुळे फेल्स्पार व अभ्रक यांच्या जाळ्यात पोटॅशियमच्या जागी थॅलियम बिनबोभाट जाऊन बसते. चांदीच्या लहान आयनाला हे घर मानवत नाही. म्हणून ती कमी असूनही स्वतःची खनिजे बनवते. आजही थॅलियम मिळते ते मुख्यतः जस्त, शिसे व तांबे यांच्या भट्ट्यांच्या धुरातील धुळीतून. त्याचे जहालपणही या सारखेपणातूनच येते, कारण शरीर त्याला पोटॅशियम समजून आत घेते.

मग ते स्वतंत्र खनिजात येते कधी? ऑलशार याचे चांगले उत्तर देते. कोझुफ पर्वतातील ही जागा क्रेनर यांच्या काळी ऑटोमन साम्राज्यात होती आणि तिथे आर्सेनिक व अँटिमनी यांच्या धातुकांचे खाणकाम चाले. तिथल्या प्राचीन डोलोमाइटात व संगमरवरात तरुण ज्वालामुखी क्रियेबरोबर आलेले उष्ण द्रव शिरले. या द्रवांत गंधक व आर्सेनिक भरपूर होते. तांबे व शिसे यांसारखे धातू बहुधा खोलवर, जास्त तापमानालाच साचतात. आर्सेनिक, अँटिमनी, पारा व थॅलियम हे विरघळलेल्या स्थितीत वर, थंड पातळीपर्यंत पोचतात. म्हणून ऑलशारच्या उत्तर भागात, त्स्रवेन दोल येथे, लोरांडाइट मनशीळ आणि हरताळ यांच्या संगतीत सापडते. शिसे उपस्थित असेल तर गोष्ट वेगळी होते. स्वित्झर्लंडच्या लेंगनबाख येथेही यजमान खडक डोलोमाइटच, पण तिथे शिसे विपुल; त्या ठिकाणाहून प्रथम वर्णिलेल्या हचिन्सनाइट या खनिजात थॅलियमला शिशाबरोबर जागा वाटून घ्यावी लागली आहे.

लोरांडाइटच्या स्फटिकाची रचनाही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक आर्सेनिक अणूला तीन गंधक अणू पिरॅमिडसारखे जोडलेले असतात. हे पिरॅमिड कोपऱ्याला कोपरा लावत एका अक्षाच्या दिशेने मळसूत्री साखळ्या तयार करतात. या साखळ्यांना एकत्र बांधतात ते थॅलियमचे अणू, आणि तो बंध सैल असतो. म्हणूनच लोरांडाइटच्या पाटनाच्या तिन्ही दिशा साखळ्यांच्या अक्षाला समांतर आहेत. स्फटिक फुटताना साखळी तुटत नाही, दोन साखळ्यांमधली गाठ सुटते. परिणामी त्याच्या लवचीक पातळ चिरफळ्या आणि तंतू निघतात.

अनुकूल परिस्थिती क्वचित जमते म्हणून लोरांडाइट दुर्मिळ, यावर एक रास्त आक्षेप असा की, लोरांडाइट मुळात दुर्मिळ नसून ओळखूच येत नसेल. ते दिसते मनशीळ किंवा हिंगुळासारखे, आणि लाल रंगाच्या रजत-सल्फोलवणांतही सहज खपून जाते. या आक्षेपात तथ्य आहे, पण मर्यादित. मनशिळेचे वि. गु. केवळ ३.५६ असते आणि तिचा कस नारिंगीकडे झुकतो. हिंगूळ ८ च्या पुढे जाते. म्हणजे हातात तोलूनही फरक कळावा. शिवाय अमेरिकेच्या नेवाडा राज्यात कार्लिन पद्धतीच्या सुवर्णनिक्षेपांची सूक्ष्मदर्शकाखाली कसून तपासणी झाली आहे. तिथेही लोरांडाइट आढळते, पण थोडेच. दुसरा आक्षेप चीनमधून घेता येईल. ग्वेइचौ प्रांतातील लानमुचांग येथे थॅलियम व पारा यांचा एवढा मोठा निक्षेप आहे, की १९६० व १९७० च्या दशकांत परिसरातील गावकऱ्यांना जुनाट थॅलियम-विषबाधा होऊन त्यांचे केस गळाले. तिथल्या थॅलियम खनिजांत लोरांडाइट प्रमुख आहे. पण हा अपवाद नियमाला बळकटीच देतो: तिथेही कमी तापमानाचे द्रव आणि आर्सेनिक, पारा यांचीच संगत.

शिसे खोलवरच साचल्याने आलेला शिशाचा अभाव ऑलशारच्या लोरांडाइटला भौतिकीतही मोल देतो. निसर्गातील थॅलियमपैकी सुमारे ७० टक्के थॅलियम-२०५ आहे. सूर्याकडून आलेला न्यूट्रिनो त्यावर आदळला तर शिसे-२०५ तयार होऊ शकते आणि त्यासाठी सुमारे ५० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. गॅलियमच्या शोधकाला २३३ लागतात. शिसे-२०५ चे अर्धायुष्य सुमारे १ कोटी ७० लाख वर्षे, तर या निक्षेपाचे वय सुमारे ४३ लाख वर्षे. म्हणजे तेवढ्या काळात बनलेले बहुतेक अणू अजून शिल्लक आहेत. मूळचे शिसे भरपूर असते तर हे मोजके अणू त्यात हरवले असते. वैश्विक किरणांतील म्युऑनही असेच अणू घडवतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ऑलशारच्या लोरांडाइटातील शिसे-२०५ मोजू पाहणाऱ्या लोरेक्स प्रकल्पात नमुन्याची खोली आणि वरच्या खडकाची झीज यांचा हिशेब आवश्यक ठरतो. २०२४ साली जर्मनीतील डार्मश्टाट येथील मापनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सर्व ८१ इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या थॅलियम-२०५ चे अर्धायुष्य २९१ दिवस निघाले. न्यूट्रिनो पकडले जाण्याची संभाव्यता त्यावरून काढता येते.