दारावरची झडती

खामगाव-मलकापूरकडे कापसाच्या जिनाचे फाटक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना झडतीचा अर्थ समजावून सांगायला नको. माणूस कोण, कशासाठी आला, हे फाटकावरच विचारावयाचे असते. हा साधा नियम संगणकाच्या कारागिरांना 2012 साली नव्याने शिकावा लागला. तो इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत. विषय परका वाटेल खरा; परंतु आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे, तेव्हा तो आपल्याच घरचा समजावा.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सचा प्रारंभ केला. यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी म्हणजे कर्नल. या कारभाऱ्याने युनिक्सच्या घराण्याची एक रीत उचलली: जे जे काही आहे ते फाइलसारखे उघडता यावे. यंत्राची मेमरीदेखील जुन्या युनिक्समध्ये अशीच फाइल म्हणून उघडत असे. पुढे 1984 साली बेल प्रयोगशाळेतील टॉम किलियन यांनी चालू प्रोग्रॅमांनाही फाइलचे रूप दिले. लिनक्समध्ये याच रीतीने प्रत्येक चालू प्रोग्रॅमच्या मेमरीला एक दार आले. सोय मोठी, आणि धोकाही तेवढाच मोठा. कारण मेमरीत लिहिणे म्हणजे प्रोग्रॅमची बुद्धीच बदलणे.

म्हणून या दारातून लिहिण्यास दीर्घकाळ बंदी होती. 2011 साली ती उठली. नवी व्यवस्था अशी की, दार उघडताना विशेष चौकशी नाही. लिहितेवेळी मात्र विचारावयाचे, ‘ही मेमरी तुझीच ना?’ वरवर पाहता यात काही गैर दिसत नाही. पण सामान्य अधिकाराचा मनुष्य दार उघडून ते तसेच ‘एसयू’ नावाच्या, सर्वाधिकार असलेल्या प्रोग्रॅमच्या हाती देऊ शके. मग त्या प्रोग्रॅमला चुकीचे नाव सांगावयाचे. तो ‘असे नाव नाही’ अशी तक्रार पडद्यावर लिहू जाई, आणि ती उमटे त्याच्याच मेमरीत! चौकशीचे उत्तर खरेच असे: लिहिणारा मालकच होता. हात मालकाचा, मजकूर मात्र दुसऱ्याचा. यावर आणखी एक खूण पहाऱ्याला ठेवली होती. तिलाही चकविता आले.

यूरी आएडला यांनी हा दोष कळविला आणि जानेवारी 2012 मध्ये टोरवाल्ड्स यांनी दुरुस्ती केली. जेसन डोनेनफेल्ड यांनी त्याचा उपयोग करून सर्वाधिकार कसा मिळतो, हे त्याच महिन्यात जाहीरपणे उलगडून दाखविले. दुरुस्ती दोन गोष्टींची होती. चौकशी दार उघडतानाच व्हावी, ही पहिली. आणि परवाना प्रोग्रॅमच्या नावाला न बांधता त्या क्षणीच्या मेमरीला बांधावा, ही दुसरी. प्रोग्रॅम बदलला की मेमरी बदलते, आणि जुना परवाना निरुपयोगी होतो.

एवढ्याने सर्व संपले असे मात्र नाही. 2016 साली फिल ओस्टर यांनी ‘डर्टी काऊ’ नावाने गाजलेला दोष उघडकीस आणला. तो 2007 पासून कर्नलमध्ये होता. टोरवाल्ड्स यांनी मूळ चूक त्याआधी अकरा वर्षांपूर्वी सुधारण्याचा यत्न केला होता. पण दुसऱ्या एका यंत्रावर अडचण आल्याने तो मागे घेतला गेला. नऊ वर्षे हा मजकूर जगात कोणालाही वाचण्यास मोकळा होता. वाचण्यास मोकळा असणे निराळे, आणि कोणी बसून वाचणे निराळे.

आम्हां कामगार चळवळीतील माणसांना यात ओळखीची गोष्ट दिसते. बांधणाऱ्याचे नाव होते. तपासणाऱ्याचे श्रम कोणाच्या हिशेबात येत नाहीत. लिनक्सने 2004 पासून प्रत्येक बदलाखाली देणाऱ्याची सही मागितली. पुढे तपासणाऱ्याचे नावही तेथे नोंदले जाऊ लागले. ही नोंद आम्हांला फार मोलाची वाटते, कारण ज्या श्रमाची नोंद नाही त्याचा दाम कधीच मागता येत नाही. पण नोंदीने पोट भरत नाही. तपासणीसाठी वेळ आणि वेतन ठेवणे हे या गाभ्यावर धंदा उभारणाऱ्या कंपन्यांचे कर्तव्य आहे. आणि शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील आमच्या मुलामुलींनी त्या मोकळ्या मजकुराचे एक पान तरी संशयाने वाचावे. तेथे बुलढाण्याचे नाव तपासणाऱ्यांत लागले, तर तो मान लहान नव्हे.