पाखरांची नोंद आणि जमिनीचा वाद

सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, पिकाचे असते, बोजाही असतो. पाखराचे नाव कुठेच नसते. त्यामुळे एखाद्या जागेवर बांधकाम येऊ घातले, की ‘इथे पक्षी येतात’ हे कुणाला तरी सिद्ध करावे लागते. अशा वेळी हौशी निरीक्षकांच्या नोंदी कितपत भरवशाच्या? मला याचा उत्तम दाखला खानदेशात दिसतो.

१८८०च्या दशकात डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने तिथे रानपिंगळ्याचे नमुने मिळवले होते. पेशा सरकारी, छंद पाखरांचा. पुढे हा पक्षी कुणाला दिसेनासा झाला. मग कर्नल मायनर्टझहागेन याने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा केला आणि शोध करणारे तिकडे भरकटले. तो दावा बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळलेल्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. मायनर्टझहागेनचा नमुना मुळात डेव्हिडसनचा होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

जमिनीच्या वादातही हाच न्याय लागू होतो. नवी मुंबईत तलावे येथील पाणथळींच्या जागी गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल येणार होते. ही जागा पाणथळ आहे की नाही, यावरच वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१८ रोजी जमीनवापरातील तो बदल रद्द ठरवला. ठाण्याच्या खाडीला भरती आली की चिखलपट्टे बुडतात आणि फ्लेमिंगो अशा आतल्या पाणथळींवर येऊन थांबतात. ओहोटीच्या वेळी पाहणीला गेलेल्या माणसाला तिथे कदाचित एकही पक्षी दिसणार नाही. म्हणून ‘फ्लेमिंगो पाहिले’ एवढे पुरत नाही. तारीख, वेळ, नेमकी जागा आणि संख्या हवी.

पर्यावरणीय आघाताचे अहवाल पुष्कळदा एकाच ऋतूतल्या पाहणीवर उभे असतात. स्थलांतरी पक्षी त्या ऋतूत नसला, की अहवालातूनही गळतो. नागरिकांच्या नोंदी बारमाही असतात. २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालामागे तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी होत्या. ‘ईबर्ड’वर ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का, हेही विचारतात, त्यामुळे काय दिसले नाही, यालाही अर्थ येतो.

मात्र या नोंदी शहरांभोवती आणि रस्त्यांलगत दाटतात. दूरच्या माळरानावर कुणी फिरकलेलेच नसते. तिथे ‘नोंद नाही, म्हणजे पक्षी नाही’ असा युक्तिवाद झाला, तर तो फेटाळलाच पाहिजे. आधीच ‘पडीक’ म्हणून हिणवलेल्या जमिनीचे त्यात दुहेरी नुकसान होते.

माझ्या मते वाद पेटल्यावर घाईने जमवलेल्या यादीपेक्षा, वादाचा मागमूसही नसताना केलेली साधी नोंद अधिक मोलाची. तिच्यावर हेतूचा आरोप करता येत नाही. डेव्हिडसनला शंभर वर्षांनंतरच्या शोधाची कल्पना नव्हती. म्हणून गावच्या तळ्याची नोंद आजच सुरू करावी. तिथे फलक लागल्यावर नव्हे.