एका रोमी नाण्यावरील आद्याक्षरें

दक्षिण भारतांत सांपडलेल्या रोमी चांदीच्या नाण्यांत ऑगस्टसाचा एक छाप विपुल आढळतो. मागील बाजूस दोन तरुण उभे असून मध्यें ढाली व भाले आहेत. त्यावरील लेखाचा आरंभ असा: सी. एल्. काएसारेस आउगुस्ती एफ्.

आपल्याकडे ‘वि. का. राजवाडे’ असें लिहिलें म्हणजे पहिलें अक्षर व्यक्तीचें व दुसरें पित्याचें, हें सांगावें लागत नाहीं. त्याच संवयीनें येथेंही सी हा पुत्र व एल् हा पिता, असा एकच सीझर मानण्याचा मोह होतो. परंतु ‘काएसारेस’ हें सीझर शब्दाचें बहुवचन आहे. चित्रांतही माणसें दोन आहेत. सी म्हणजे गायस, एल् म्हणजे लुकियस. हे सख्खे बंधु होत.

‘सी’वरून गायस कसें? प्राचीन लॅटिन लिपींत क व ग या दोन्ही उच्चारांस हें एकच अक्षर होतें. ग-काराचें निराळें अक्षर ख्रि. पू. तिसऱ्या शतकांत रूढ झालें, तरी नांवाचा जुना संक्षेप तसाच राहिला. सर्रास प्रचारांतलीं व्यक्तिनामें विसांच्या आंतच, म्हणून एकदोन अक्षरांनीं भागे.

खरी मेख ‘एफ्.’ या अक्षरांत आहे. त्याचा अर्थ पुत्र. आपल्या कागदांतील ‘बिन’सारखाच, मात्र पित्याच्या नांवानंतर येणारा. लेखाप्रमाणें दोघे ऑगस्टसाचे पुत्र. वस्तुतः ते त्याची कन्या युलिया व मार्कस अग्रिप्पा यांचे, ख्रि. पू. १७ मध्यें आजोबानें त्यांस दत्तक घेतलें. नाणें उलटावें तों ऑगस्टस स्वतः ‘दिवि एफ्.’, म्हणजे देवत्व पावलेल्या युलियस सीझरचा पुत्र, तोही ख्रि. पू. ४४ मध्यें उघडलेल्या मृत्युपत्रान्वयें झालेला दत्तकच! दोन्ही बाजूंस तेंच अक्षर, आणि औरस पुत्र एकही नाहीं. केवळ अशा अक्षरावरून रक्ताची वंशावळ मांडणें धोक्याचें आहे.

त्याच बाजूस ‘पातेर पात्रियाए’, देशाचा पिता, ही पदवी आहे. ती ऑगस्टसास ख्रि. पू. २ मध्यें मिळाली, तेव्हां हा छाप त्यापूर्वींचा नव्हे. लुकियस इ. स. २ मध्यें व गायस इ. स. ४ मध्यें वारला. आजोबाची गादी दोघांसही लाभली नाहीं.

या नाण्यांच्या एतद्देशीय नकलाही आहेत. त्यांवर अक्षरें विस्कटलेलीं दिसतात. संग्राहकांनीं लेख उतरतांना अक्षरें दिसतील तशींच उतरावीं, मनानें पुरीं करूं नयेत.