मोर्चाला रीतसर परवानगी होती

१७ नोव्हेंबर १९८९, शुक्रवार. प्रागमध्ये दुपारचे चार वाजलेत. नोव्हेंबरात तिथे या वेळेलाच दिवस मावळायला लागतो. शहराच्या अल्बेर्टोव्ह भागात चार्ल्स विद्यापीठाच्या वैद्यकीय आणि विज्ञान शाखांच्या जुन्या इमारती आहेत. त्यांच्यामधल्या रस्त्यावर पोरं-पोरी जमताहेत. कुणाच्या हातात मेणबत्ती, कुणाच्या हातात फूल, काहींकडे हाताने रंगवलेले फलक.

पोलिसांना याची खबर आहेच, कारण कार्यक्रम चोरून चाललेला नाही. रीतसर अर्ज गेलाय, परवानगी आलीय, मार्ग ठरलाय. निमित्तही सरकारला चालण्यासारखं आहे. पन्नास वर्षांपूर्वी नाझींनी मारलेल्या विद्यार्थ्यांना श्रद्धांजली वाहायची आहे. सत्तेवर कम्युनिस्ट पक्ष, आणि नाझींविरुद्धचा लढा हा त्यांच्या पाठ्यपुस्तकातला लाडका धडा. अशा कार्यक्रमाला नाही म्हणणार तरी कसं?

बरोबर सहा आठवड्यांनी, २९ डिसेंबरला, त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता वात्स्लाव हावेल. त्याच वर्षीचे पहिले काही महिने हा नाटककार तुरुंगात होता.

या सहा आठवड्यांना ‘मखमली क्रांती’ म्हणतात. बर्लिनची भिंत, गोर्बाचेव्ह, डबघाईला आलेली अर्थव्यवस्था, ही तिची कारणं तुम्ही वाचली असतील आणि ती खरीच आहेत. माझं लक्ष मात्र पुन्हा पुन्हा त्या परवानगीच्या कागदाकडे जातं. ज्या सरकारला चार माणसं एकत्र आली तरी धास्ती वाटायची, त्याने हजारो विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरू दिलं, ते एका स्मृतिदिनासाठी.

त्यासाठी आधी पन्नास वर्षं मागे जायला हवं.

चेकोस्लोव्हाकिया हा देश जन्मला २८ ऑक्टोबर १९१८ रोजी, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं तेव्हा. एकविसाव्या वर्षी तो नकाशावरून पुसला गेला. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. त्यानंतरचा पहिला २८ ऑक्टोबर आला, तेव्हा साजरा करायला देशच उरला नव्हता. लोकांनी तरी तो साजरा केला. छातीवर तिरंगी फीत लावून, पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक घालायचे तसली टोपी घालून माणसं वेन्सेस्लास चौकात आली. संध्याकाळपर्यंत गोळ्या सुटल्या. बेकरीत काम करणारा वात्स्लाव सेदलाचेक हा तरुण तिथल्या तिथे गेला. यान ओप्लेताल या वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या पोटात गोळी लागली. ११ नोव्हेंबरला तोही गेला.

त्याची अंत्ययात्रा १५ नोव्हेंबरला निघाली, अल्बेर्टोव्हच्या पॅथॉलॉजी संस्थेतून. मोराव्हियातल्या त्याच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीपर्यंत शवपेटी पोचवायची होती. हजारो विद्यार्थी आले. आणि इथे लक्ष द्या, या अंत्ययात्रेलाही परवानगी होती. मेलेल्या पोराला त्याचे वर्गमित्र निरोप देणार, त्यात काय बिघडलं, असा हिशेब असावा. पण शवपेटी पोचवून झाल्यावर मुलं घरी गेली नाहीत. ती राष्ट्रगीत म्हणत शहराच्या मध्याकडे निघाली. या राष्ट्रगीताचं शीर्षकच मुळी एक प्रश्न आहे: ‘माझं घर कुठे आहे?’ १९३९ च्या प्रागमध्ये तो नुसता गाण्यातला प्रश्न राहिला नव्हता.

नाझींचं उत्तर दोन दिवसांत आलं. १६ नोव्हेंबरच्या रात्रीपासून वसतिगृहांवर धाडी पडल्या, झोपेतल्या मुलांना ओढून बाहेर काढलं. १७ तारखेला, तोही शुक्रवारच होता, रुझिन्येच्या बराकींत नऊ जणांना खटल्याशिवाय गोळ्या घातल्या. बहुतेक जण विद्यार्थी संघटनांचे पदाधिकारी होते. त्यांत योसेफ मातौशेक हा तरुण इतिहासकारही होता. अंत्ययात्रेच्या आयोजनात त्याचा हात होता, म्हणजे परवानगी असलेल्या कार्यक्रमाच्या. सुमारे १२०० विद्यार्थ्यांना झाक्सेनहाउजनच्या छळछावणीत धाडलं. सगळी चेक विद्यापीठं तीन वर्षांसाठी बंद, असं जाहीर झालं. प्रत्यक्षात ती १९४५ मध्ये युद्ध संपल्यावरच उघडली.

१९४१ मध्ये लंडनमध्ये जमलेल्या वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी १७ नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन ठरवला. दरवर्षी त्या दिवशी तुमच्या फोनवर शुभेच्छांचं एखादं गुलाबी चित्र येत असेल, तर त्याच्या मागे ही रात्र आहे.

आता सरकारी स्मृतिदिन म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावायला नको. कॉलेजच्या मैदानात सकाळी साडेसातला उन्हात उभं राहायचं, हजेरी लावायची, पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत पाय बदलत राहायचं, मग बुंदीचा लाडू आणि घर. चेकोस्लोव्हाकियात १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यावर १७ नोव्हेंबरचं असंच काहीसं झालं. प्रागमध्येच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघाचं मुख्यालय होतं आणि त्याची भाषा मॉस्कोला रुचेल अशी. ओप्लेतालच्या नावाचा रस्ता मोठ्या स्टेशनाजवळ होताच. हार-तुरे व्हायचे, शांतता आणि प्रगतीवर भाषणं व्हायची.

स्वातंत्र्यदिनाचं तर नावच बदललं होतं. १९४५ मध्ये मोठ्या उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाचे आदेश २८ ऑक्टोबरला लागू झाले, या आधारावर तो दिवस अनेक वर्षं ‘राष्ट्रीयीकरण दिन’ म्हणून ओळखला गेला. तारीख तीच, आठवण वेगळी! पण लोकांच्या मनातला हिशेब मिटला नाही. १९८८ मध्ये देशाला सत्तर वर्षं झाली, तेव्हा सरकारनेच नमतं घेऊन २८ ऑक्टोबरला पुन्हा सुट्टी दिली. लोक वेन्सेस्लास चौकात आले आणि पोलिसांनी त्यांना पिटाळलं. सुट्टी घ्या, पण घरी बसून घ्या, असा त्याचा अर्थ.

मग जानेवारी १९८९ आला. वीस वर्षांपूर्वी, १६ जानेवारी १९६९ ला, यान पालाख या चार्ल्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने सोव्हिएत रणगाड्यांपुढे थिजून गेलेल्या देशाला हलवण्यासाठी स्वतःला पेटवून घेतलं होतं. त्याच्या स्मरणासाठी लोक आठवडाभर चौकात येत राहिले आणि आठवडाभर पाण्याचे फवारे आणि लाठ्या खात राहिले. हावेलला अटक झाली ती याच वेळी. पालाखच्या स्मृतीला परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. त्याचा रोख थेट सत्तेवर होता.

ओप्लेतालचं तसं नव्हतं. त्याला मारणारे जर्मन होते, नाझी होते, पन्नास वर्षांपूर्वीचे होते. प्रागमधल्या काही स्वतंत्र विचारांच्या विद्यार्थ्यांनी ही फट बरोबर हेरली. आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. टिळकांनी गणेशोत्सव आणि शिवजयंती चौकात आणली, तेव्हा ब्रिटिश सरकारपुढेही असाच पेच होता. पण प्रागच्या मुलांना एक जास्तीची तडजोड करावी लागली. त्यांनी अधिकृत समाजवादी युवक संघटनेच्या विद्यापीठ शाखेशी हातमिळवणी केली. काहींना ते पटलं नाही. सरकारी संघटनेबरोबर उभं राहायचं म्हणजे आपणच त्यांची शोभा वाढवायची, अशी शंका होती आणि ती गैर नव्हती. त्यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की सरकारी नाव असेल तर भित्रा विद्यार्थीही येईल. मला वाटतं, सगळं फिरलं ते इथेच. बंडखोर काहीही झालं तरी येतातच. परवानगीमुळे आली ती एरवी कधीच न येणारी मुलं.

सरकारने शहराच्या मध्यभागी यायला मात्र मनाई केली. अल्बेर्टोव्हवरून निघायचं, व्हिशेह्रादच्या टेकडीवरच्या दफनभूमीत कारेल हिनेक माखा या कवीच्या थडग्याशी थांबायचं आणि पांगायचं, अशी अट होती. तीही जागा साधी नव्हे. म्युनिक करारानंतर माखाचं मूळ थडगं असलेलं गाव जर्मनांकडे जाणार म्हणून चेक लोकांनी त्याच्या अस्थी काढून आणल्या होत्या आणि मे १९३९ मध्ये, देश व्यापलेला असताना, व्हिशेह्रादवर पुन्हा पुरल्या होत्या. सरकारने गर्दी जिरवायला निवडलेली जागाच अशा आठवणींनी भरलेली होती.

अल्बेर्टोव्हवर सुमारे पंधरा हजार लोक जमले. १९३९ च्या अंत्ययात्रेत चाललेला योसेफ शारका हा आता वयस्कर झालेला माणूस त्यांच्यापुढे बोलला. या क्षणी दोन तारखा एकमेकींना चिकटल्या. श्रद्धांजलीच्या भाषेत सांगितलेली प्रत्येक गोष्ट ऐकणाऱ्यांना आजची वाटत होती. विद्यापीठात पोलीस शिरले, बोलणाऱ्यांना उचललं, वर्तमानपत्रांनी खोटं छापलं. यातलं १९३९ चं कुठलं आणि १९८९ चं कुठलं, ते वेगळं सांगायची कुणाला गरज पडली नाही.

व्हिशेह्रादवर मेणबत्त्या लागल्या, राष्ट्रगीत झालं. कार्यक्रम संपला. परवानगीही संपली.

आणि मुलं घरी गेली नाहीत. टेकडी उतरून नदीकाठाने ती मध्याकडे निघाली, वाटेत माणसं मिळत गेली. नॅशनल थिएटरपाशी वळून नारोद्नी रस्त्यावर आली, तेव्हा पुढे पांढऱ्या हेल्मेटांची भिंत होती. थोड्या वेळाने मागचीही वाट बंद झाली. साधारण दोन हजार जण मधे अडकले. मुलींनी पोलिसांच्या ढालींवर फुलं खोचली, रस्त्यावर मेणबत्त्या लावल्या. मुलं हात वर करून ओरडत होती, ‘आमचे हात रिकामे आहेत.’ रात्री साडेआठनंतर लाठ्या सुरू झाल्या. बाहेर पडायला ठेवलेली वाट एका कमानीखालून जात होती, तिथे दोन्ही बाजूंनी मार. पाचशेहून जास्त लोक जखमी झाले.

दुसऱ्या दिवशी बातमी फिरली की एक विद्यार्थी मेला. ती खोटी होती. सरकारने त्या नावाचा विद्यार्थी टीव्हीवर जिवंत दाखवलासुद्धा. पण वर्षानुवर्षं त्याच टीव्हीवर खोटं ऐकलेल्या लोकांनी या एकदा खऱ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं.

नाट्यविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला, नटांनी त्याच दिवशी पाठिंबा दिला. थिएटरांत पडदा उघडला की नाटकाऐवजी निवेदन वाचलं जायचं. विद्यार्थी गटागटाने कारखान्यांत गेले, कामगारांना नारोद्नीवर काय झालं ते सांगायला. काही ठिकाणी त्यांना आतही घेतलं नाही. २४ नोव्हेंबरला पक्षाचा सरचिटणीस याकेश गेला, २७ ला देशभर दोन तासांचा संप झाला, १० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष हुसाकने राजीनामा दिला.

आज १७ नोव्हेंबर चेक प्रजासत्ताकात राष्ट्रीय सुट्टी आहे. नारोद्नीवरच्या त्या कमानीत उंचावलेल्या हातांचं छोटं धातुशिल्प आहे, त्याखाली तारीख. दरवर्षी तिथे इतक्या मेणबत्त्या लागतात की मेण जमिनीवर ओघळतं. म्हणजे ही आठवण आता स्वतःच सरकारी झाली, आणि सरकारी आठवणीच्या वाट्याला जे येतं ते तिच्याही आलं.

२०१४ मध्ये पंचविसाव्या स्मृतिदिनी राष्ट्राध्यक्ष मिलोश झेमान अल्बेर्टोव्हवर बोलायला उभे राहिले, तर जमावाने त्यांना लाल कार्डं दाखवली आणि अंडी फेकली. पाहुणे आलेल्या जर्मन राष्ट्राध्यक्षांनाही एक लागलं. झेमान लोकांनी निवडून दिलेले होते, ही गोष्ट अंडी फेकणारे विसरले असं मला वाटतं. पण पुढच्या वर्षी जे झालं ते जास्त बोलकं आहे. १७ नोव्हेंबर २०१५ ला झेमान पुन्हा त्याच जागी होते, त्यांच्या बाजूला मंचावर मुस्लिमविरोधी चळवळीचा नेता. ती जागा त्यांच्या समर्थकांनी आधीच अर्ज करून घेतली होती. मेणबत्त्या घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी अडवलं आणि कार्यक्रम संपेपर्यंत कठड्यांच्या बाहेर उभं केलं. त्या दिवसाची परवानगी त्यांच्याकडे नव्हती.