पल्ल्याची तयारी : कासीद, चौगुले आणि आपली पहाटेची पोरं

(सटाणा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा आणि धावण्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो ‘तयारी’ या शब्दात आहे. देश ओलांडून जाणारा माणूस निघतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, पोचतो तेव्हा हार घालतो. पण तो तयार कधी झाला, कोणी केला, कशाच्या बळावर झाला, हे आपण विचारत नाही. आज तेवढंच विचारायचं आहे.

सुरुवात ग्रीसपासून करू, कारण मॅरेथॉनची गोष्ट सगळ्यांना शाळेपासून माहीत असते. एक सैनिक मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत धावला, ‘आपण जिंकलो’ म्हणाला आणि कोसळून मेला. गोष्ट चांगली आहे, पण ती लढाईनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथांत सापडते. लढाई इसवी सनापूर्वी ४९० ची. तिच्या काळाला सर्वांत जवळचा इतिहासकार हिरोडोटस. तो काय सांगतो? फिलिप्पिडीस नावाचा माणूस मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला आणि दुसऱ्या दिवशी पोचला. हे अंतर सुमारे २४० किलोमीटर. तो मेल्याचं हिरोडोटस सांगत नाही. उलट तो एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, की निरोप घेऊन धावणं हा या माणसाचा धंदाच होता.

आता बघा, लोकांनी लक्षात कोणती गोष्ट ठेवली? मरणाची. जो तयारीने धावला आणि जगला, तो मागे पडला. जो कोसळला, तो अमर झाला. ही आपली जुनी खोड आहे. तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आपल्याकडेही हा धंदा होता. मराठेशाहीच्या कागदपत्रांत जासूद, हरकारे, कासीद हे शब्द पानोपानी भेटतात. त्यातला ‘अजुरदार कासीद’ म्हणजे ठरवलेला अजुरा, म्हणजे मजुरी, घेऊन पत्र पोचवणारा. पुष्कळदा ते जोडीने पाठवले जात. ‘जासूदजोडी’ असा शब्दच रूढ होता. जोडी का? एक आजारी पडला, वाटेत मारला गेला, नदीला पूर आला, तरी दुसऱ्याने पत्र पुढे न्यावं म्हणून. तयारीची पहिली व्याख्या इथे मिळते. काय काय बिघडू शकतं याचा विचार निघण्याआधी करणं, याला तयारी म्हणतात.

आपलं बागलाण तर रस्त्यावरचाच मुलूख. सुरत बंदरातून दख्खनमध्ये उतरणारी वाट इथूनच जायची. साल्हेर-मुल्हेरच्या पायथ्याने व्यापाऱ्यांचे तांडे गेले, फौजा गेल्या आणि त्यांच्या पुढेमागे निरोपेही गेले. किल्लेदारांची नावं बखरीत आली. निरोप्याचं नाव कोण लिहितो?

एक हिशेब करू. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघालेले होते आणि भेलसा, म्हणजे आजचं विदिशा, इथे होते. २४ जानेवारीच्या सुमारास एका सावकाराच्या कासिदाजवळचं पत्र त्यांच्या हाती लागलं आणि त्यातून सर्वनाश कळला. म्हणजे दहा दिवस. पानिपत ते विदिशा हे अंतर अगदी सरळ रेषेत मोजलं तरी साडेसहाशे किलोमीटर भरतं. प्रत्यक्ष वाट त्याहून लांब. ती बातमी एकाच जोडीने आणली असो की वाटेत जोड्या बदलल्या असोत, रोजचे पासष्ट-सत्तर किलोमीटर झाले. थंडीचे दिवस, मुलूख उधळलेला, वाटेवर पेंढारी आणि पळून आलेलं सैन्य. पेशव्यांच्या फौजेची हरकाऱ्यांची व्यवस्था मोठी होती, पण आधी पोचलं ते सावकाराचं पत्र. कारण साधं आहे. सावकाराचा पैसा बातमीवर अवलंबून होता, म्हणून त्याची यंत्रणा रोज तयार असायची.

हा पासष्टचा आकडा लक्षात ठेवा. तो पुन्हा भेटणार आहे.

आता विसाव्या शतकात येऊ. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ च्या सुमारास धावण्याच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. त्यांनी पाहिलं की आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी, कोणाच्या शिकवणीशिवाय, लांब पल्ल्याच्या शर्यती अशा वेळात पुऱ्या करतात की ती वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाते. दोराबजींनी ठरवलं, यांना ऑलिंपिकला पाठवायचं. तेव्हाचा एक किस्सा सांगतात. निवडीसाठी शंभर मीटरला किती वेळ धरावा, असं जिमखान्याच्या एका वजनदार सभासदाला विचारलं, तर ते म्हणाले, एक मिनिट, दोन मिनिटं, काहीही चालेल! तिथे सेकंदाचे अंश मोजतात हे ऐकून ते चकित झाले. हसू येतं, पण मुद्दा गंभीर आहे. पोरांचे पाय तयार होते. त्यांना पाठवणारा समाज तयार नव्हता.

तरीही १९२० साली सहा जणांचा संघ बेल्जियममधल्या अँटवर्पला गेला. चार धावणारे, दोन कुस्तीगीर. त्यात आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. २२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. तेव्हा मॅरेथॉनचं अंतर कायमचं ठरलेलं नव्हतं, आणि अँटवर्पची वाट निघाली ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. ऑलिंपिकमधली ती सर्वांत लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन जिंकला, २ तास ३२ मिनिटांत. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटं आणि ४५ सेकंदांत.

या एकोणिसाव्या क्रमांकाकडे नीट बघा. कोलेहमाइनेन आठ वर्षांपूर्वीच्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकून आला होता. पाठीशी अनुभव, बूट, शर्यतींची सवय, सगळं होतं. चौगुल्यांकडे काही महिन्यांची तयारी, बोटीचा लांबचा प्रवास, परका मुलूख आणि परकं जेवण. दोघांत फरक पडला अठरा मिनिटांचा. माझ्या मते त्या अठरा मिनिटांत आपल्या समाजाचा इतिहास आहे.

इथे एक युक्तिवाद मला खोडून काढायचा आहे. तो आपल्याकडे फार लाडका आहे. लोक म्हणतात, ‘गरिबीनेच त्यांना घडवलं. अनवाणी धावले म्हणून काटक झाले.’ आपल्या नाशिक जिल्ह्याच्या कविता राऊतबद्दलही असंच बोललं जातं. हरसूलजवळचा सावरपाडा हा तिचा आदिवासी पाडा. लहानपणी अनवाणी धावली, हे खरं. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला तिने कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव आपण कौतुकाने ठेवलं. पण तर्कशास्त्र काय सांगतं? डोंगरातलं कष्टाचं बालपण हे कारण मानायचं, तर तसं बालपण त्या भागातल्या हजारो मुलींच्या वाट्याला आलं. त्या कुठे आहेत? कवितामध्ये आणि त्यांच्यात फरक कष्टांचा नाही. तिला नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक भेटले, सराव मिळाला, बूट आणि आहार मिळाला, वर्षानुवर्षं सातत्य मिळालं. गरिबी घडवत नाही हो. गरिबीतूनही जो उरतो, त्याला कोणीतरी हात दिला की तो घडतो. आपण हात देणाऱ्याला विसरतो आणि गरिबीला श्रेय देतो, कारण त्यात आपल्याला काही करावं लागत नाही.

आता खरोखर देश ओलांडणारी एक शर्यत सांगतो. अमेरिकेत १९२८ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला धावत जाण्याची शर्यत लागली. वर्तमानपत्रांनी तिला ‘बनियन डर्बी’ म्हटलं. बनियन म्हणजे आपली गंजी नव्हे, पायाच्या अंगठ्याशी येणारी हाडाची गाठ! १९९ जण निघाले. सुमारे साडेपाच हजार किलोमीटर, ८४ दिवस. पोचले ५५. भागाकार करून पाहा, रोजचे पासष्ट किलोमीटर. म्हणजे आपल्या पानिपतच्या कासिदाचाच आकडा. दोन खंड, मध्ये दीडशेहून जास्त वर्षं, आणि माणसाच्या पायाची मर्यादा तीच. जिंकला अँडी पेन, ओक्लाहोमातल्या शेतकऱ्याचा विशीतला पोरगा. २५,००० डॉलर मिळाले, त्यातून त्याने घरच्या शेतावरचं कर्ज फेडलं. इथे बसलेल्या कांदा-डाळिंबवाल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग ५५ जण का पोचले आणि बाकीचे का गळाले? पहिल्या आठवड्यातला वेग ज्यांनी डोक्यात घेतला ते पुष्कळसे संपले. शरीराचं गणित असं आहे. दम आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतं. स्नायूंनाही फार उशीर लागत नाही. पण हाडं, शिरा, घोट्यामागची दोरी यांना महिने लागतात. म्हणून नवशिक्याला वाटतं, आता जमतंय, आणि नेमका तेव्हाच पाय मोडतो. स्नायूंतली साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरला संपते, म्हणून धावताना खाण्याचीसुद्धा सवय करावी लागते. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. यातलं काहीच जिद्दीने होत नाही. ते वेळेने होतं. पतंजलीने अभ्यासाबद्दल तीन अटी घातल्या आहेत, त्यांचा आशय असा की तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदराने केलेला हवा. यातली तिसरी अट आपण विसरतो. शरीराशी आदराने वागणं हाही सरावाचाच भाग आहे.

ही समज आपल्या लोकांना नाही, असं नाही. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडावर जाणारे पायी यात्रेकरू पाहा. ऊन टाळून रात्री आणि पहाटे चालायचं, दुपारी सावली धरायची, जुन्या माणसाने पुढे राहून वेग ठरवायचा. वाटेवरची गावं पाणी, ताक, केळी घेऊन उभी असतात. चालणारा एकटा नसतो, त्याच्या पायाखालचा रस्ताच त्याची काळजी घेतो. तयारीची ही दुसरी व्याख्या. तयारी एकट्याची नसते, ती वाटेचीही असते.

आणि आता आपल्या पहाटेच्या पोरांकडे येतो. सकाळी फिरायला निघणाऱ्या सगळ्यांनी त्यांना पाहिलंय. अंधारात, डांबरी रस्त्याच्या कडेने, समोरून ट्रकचे दिवे, आणि पोरं-पोरी धावतायत. कशासाठी? भरतीसाठी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. यांच्यासाठी धावणं हा छंद नाही. कोरडवाहू दोन एकरातून बाहेर पडायचा तो दरवाजा आहे. १९२८ च्या त्या अमेरिकन पोराची आणि यांची गोष्ट एकच.

पूर्वी हे अंतर मुलांना पाच किलोमीटर होतं. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत त्या पाच किलोमीटरच्या चाचणीत काही तरुणांचा जीव गेला. त्यानंतर नियम बदलले, अंतर घटलं. पण मी विचारतो, ती पोरं मेली ती पाच किलोमीटरने? पाच किलोमीटर हे तरुण माणसाला मारणारं अंतर नाही. रात्रभराचा प्रवास, अर्धवट झोप, रिकामं पोट, दमट ऊन, आणि ‘ही संधी गेली तर पुढे वय जाईल’ ही छातीवरची धोंड, या सगळ्यासकट धावलं तर ते अंतर मारतं. कासिदाला जोडीदार होता. वणीच्या यात्रेकरूला ताक देणारं गाव होतं. या पोरांना कोण होतं?

म्हणून सुरुवातीची ती ग्रीक गोष्ट मला खटकते. कोसळणाऱ्याची आपण कविता करतो. मला तो जिवंत पोचलेला फिलिप्पिडीस हवा आहे.

करण्यासारखं फार मोठं नाही. तालुक्याच्या मैदानांवर पहाटे दिवे आणि पाण्याचा नळ. निवृत्त सैनिक आणि क्रीडाशिक्षक गावोगाव आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन दिवस द्यावेत. भरतीआधी हृदयाची आणि रक्ताची साधी तपासणी. आणि घरच्यांनी एक करावं, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोराला रात्रीच्या गाडीने पाठवू नये, एक दिवस आधी पाठवावं, पोटभर जेवू घालावं.

भरती होवो न होवो, यातली काही पोरं पुढेही धावतील. त्यांच्यातूनच पुढचा चौगुले निघेल. आणि या वेळी ती अठरा मिनिटं कमी करण्याचं काम त्याच्या एकट्याच्या पायांवर टाकू नका.

श्रोत्यांतून प्रश्न : सर, मुलींना पहाटे एकटीने पाठवायला आईबाप धजत नाहीत. त्याचं काय?

उत्तर : ताई, त्यांची भीती खोटी नाही, म्हणून त्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही. जुन्या लोकांचं उत्तर मी मघाशी सांगितलं, जोडी. चार-पाच मुलींचा गट करा, एका आईने आळीपाळीने मैदानावर बसावं. आई बसली की दुसऱ्या घरची मुलगीही येते. सावकाराने बातमीसाठी जोडी पाठवली, आपण लेकीसाठी पाठवू.