हर्पिसजन्य तीव्र यकृतनिष्फलता

हर्पिस सिंप्लेक्स विषाणूच्या संसर्गाने यकृतपेशींचा व्यापक नाश होऊन, पूर्वी निरोगी असलेले यकृत अल्पावधीत निकामी होण्याची अवस्था. रक्तक्लथनातील बिघाड आणि बुद्धिभ्रमापासून बेशुद्धीपर्यंत जाणारा मस्तिष्कविकार ही तिची निर्णायक लक्षणे होत. तीव्र यकृतनिष्फलतेच्या रुग्णांत हे कारण क्वचितच, सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी प्रमाणात, आढळते. तथापि ज्या मोजक्या कारणांवर नेमके औषध उपलब्ध आहे त्यांत याची गणना होत असल्याने त्याचे महत्त्व संख्येहून पुष्कळच अधिक आहे.

इतिहास : नवजात अर्भकाच्या यकृतात व अधिवृक्क ग्रंथींत आढळलेल्या अशा ऊतिमृत्यूचे वर्णन जॉर्ज हॅस यांनी १९३५ मध्ये केले, प्रौढातील विकाराची नोंद टी. एच. फ्लेवेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केली.

कारणे व लक्षणे : ओठांच्या कडेवर पाणीदार फोड आणणारा प्रकार १ आणि मुख्यत्वे जननेंद्रियांवर आढळणारा प्रकार २, हे दोन्ही विषाणू या विकारास कारणीभूत होतात. नवजात अर्भके, गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीतील स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे रुग्ण यांना धोका विशेष असला, तरी पूर्णतः निरोगी व्यक्तीही त्यातून सुटत नाहीत. तीव्र ताप, उजव्या बरगडीखालील वेदना व ग्लानी यांनी आजारास प्रारंभ होतो. रक्ततपासणीच्या अहवालात यकृतविकरांचे प्रमाण हजारोंच्या घरात पोहोचलेले असता बिलिरुबिन मात्र त्या मानाने अल्पच वाढलेले असते, आणि पांढऱ्या पेशी व बिंबाणू घटलेले असतात. म्हणजे कावीळ ठळक नसतानाच यकृत ढासळत असते. त्वचेवरील फोड निम्म्याहून अधिक रुग्णांत दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या अभावावरून निष्कर्ष काढणे घातक ठरते. भारतात गरोदर स्त्रीच्या यकृतनिष्फलतेत प्रथम संशय ई-यकृतशोथाचा घेतला जातो व तो रास्तही आहे. परंतु ताप प्रबळ आणि कावीळ नाममात्र असेल, तर हर्पिसचीही दखल घेतलीच पाहिजे.

निदान : रक्तातील विषाणूच्या डीएनएचा पीसीआर तपास हा प्रमुख आधार होय. ऊतिपरीक्षेत मृतपेशींच्या पट्ट्यांच्या कडेला धूसर काचेसारखी केंद्रके व त्यांतील अंतर्विष्ट पिंड दिसतात. रक्तस्रावाचा धोका टाळण्यासाठी नमुना मानेतील नीलेवाटे घेतात.

उपचार : अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्याच विकराने क्रियाशील होऊन त्याच्या डीएनएची निर्मिती रोखते. त्याच्या विकासाशी संबंधित गर्ट्रूड एलियन यांना १९८८ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. प्रौढांस दर किलोग्रॅम वजनास १० मिलिग्रॅम व नवजातांस २० मिलिग्रॅम, अशी मात्रा दर आठ तासांनी शिरेवाटे देतात. मूत्रपिंडांचे कार्य पाहून ती कमी करावी लागते. औषधाने यकृत न सावरल्यास यकृतारोपणाचा विचार करतात. उपचाराविना बहुसंख्य रुग्ण दगावतात. म्हणून कारण अज्ञात असलेल्या तीव्र यकृतनिष्फलतेत हर्पिसचा संशय येताच, तपासाच्या अहवालाची वाट न पाहता अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू करावे आणि अहवाल नकारार्थी आल्यास ते थांबवावे.